एक चाक की दोन

हाउकिनिएमी
१४ जानेवारी १९९३

प्रिय एन्सिओ,

तुझं पत्र मिळालं. नाताळात आला नाहीस ते बरंच केलंस, रस्ते बंद होते. आम्ही ठीक आहोत. बाबांचं खाणंपिणं व्यवस्थित चाललंय. राय धान्याच्या पावाची कड काढून दिली की खातात. बोलत नाहीत, पण ते काही नवीन नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून 'हं' आणि 'नको' एवढ्यावरच त्यांचं भागतं.

यंदा मार्चमधल्या, गोठलेल्या तळ्यावरच्या शर्यतीत मी स्वतः बनवलेली गाडी उतरवणार आहे. हसू नकोस. गेल्या वर्षी शेजारच्या वेइयोने पहिला नंबर काढला आणि तेव्हापासून दुकानात भेटला की मला विचारतो, "काय हेल्वी, अजून शाळेची टॅक्सीच का?" म्हणून गॅरेजमध्ये सांगाडा वेल्ड करून घेतलाय. वर जुन्या ट्रॅक्टरची सीट, मागे बर्फ उडवायच्या यंत्राचं इंजिन. आता प्रश्न एवढाच, की इंजिनाचा जोर चाकांपर्यंत न्यायचा कसा. पट्टा लावला तर ओला होऊन घसरतो. चेन लावली तर तिच्यात बर्फ साचतं आणि ती दात्यांवरून उडते. मी चेनच घेतली, वर पत्र्याचं झाकण बसवलं. मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलला पक्की जोडली, म्हणजे एक घसरलं तरी दुसरं ढकलतं.

तुला यातलं ओ की ठो कळत नाही, माहीत आहे मला. सांगतेय ते वेगळ्याच कारणासाठी. कोणीतरी माझ्या गॅरेजात येऊन जातंय. मंगळवारी टॅक्सीतून गावातल्या मुलांना शाळेत सोडून परत आले, तर मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदललेलं. मी लहान लावलं होतं, वेगासाठी. त्याच्या जागी कोणीतरी फळीवरचं मोठं स्प्रॉकेट चढवलंय. आता गाडी ओढेल घोड्यासारखी, पण चालेल गाईसारखी.

बाहेर पडताना मी दाराला झाडू आडवा लावते. तो दिसला की गावातलं शेंबडं पोरसुद्धा समजतं, घरी कोणी नाही, आणि आल्या पावली परत जातं. म्हणजे जो कोणी येतो, तो झाडू बघूनच येतो. बाहेरच्याला हे कळणार नाही. हा आपल्यातलाच आहे.

म्हणून सरळ विचारते. वेइयोला तू फोन करतोस का? दुकानात बोललं जातं की त्याला ओउलूहून फोन येतात. ओउलूला त्याचं तुझ्याशिवाय कोण आहे? बाबांना कायानीच्या वृद्धाश्रमात ठेवावं म्हणून तू वर्षभर माझ्या मागे लागला आहेस. मी ऐकत नाही म्हणून आता माझ्यावर पहारा बसवलास की काय? खोटं बोलू नकोस. लहानपणापासून तुझं खोटं मला लांबून ओळखू येतं.

हेल्वी

*

हाउकिनिएमी
९ फेब्रुवारी

एन्सिओ,

थंडी उणे तीसवर गेली आहे. पाण्याचा नळ दोनदा गोठला. बाबा ठीक.

तू लिहितोस की वेइयोला फक्त सुकवलेल्या माशांसाठी फोन केला होतास. ओउलूच्या बाजारात मासे मिळत नाहीत हे मला नव्यानेच कळलं.

दुसऱ्यांदा झालं. या वेळी त्या माणसाने अ‍ॅक्सलवरच हात टाकला. डाव्या चाकाची खीळ काढून टाकली, म्हणजे आता जोर एकट्या उजव्या चाकाला जातो आणि डावं मोकळं फिरतं. मोडतोड नाही, चोरी नाही. खीळ नीट पुसून, तेल लावून, बाकावर ठेवलेली. माझ्या गाडीचं वाटोळं करतोय आणि वर टापटीप.

आणि या वेळी खुणा सापडल्या. बर्फात दोन बारीक समांतर रेघा, घराच्या पायरीपासून गॅरेजपर्यंत. बर्फावर ढकलायच्या घसरखुर्चीच्या पट्ट्यांच्या. आता घसरखुर्ची एका पायाने ढकलत गावभर कोण हिंडतो? वेइयो. पण मला खरं डाचलं ते हे, की रेघा फाटकातून आलेल्याच नाहीत. म्हणजे फाटकाजवळच्या त्याने फांदीने पुसल्या असणार, आणि आधी तो आपल्या दाराशी गेला. दारात त्याचं काय काम होतं? आत डोकावून काय बघायचं होतं त्याला?

दुकानात सगळ्यांसमोर मी त्याला धारेवर धरलं. तो कॉफी ढवळत राहिला. म्हणाला, "तुझी गाडी हरवायला तिला हात लावायची काय गरज आहे, हेल्वी?" सगळे हसले. मग आवाज खाली करून म्हणाला, "म्हातारा कसा आहे? दिवसभर एकटाच असतो ना?"

एकटाच. हा शब्द तुझा आहे, एन्सिओ. त्याच्या तोंडात तूच घातलास.

बरं, मग ऐक. हो, असतात एकटे. सकाळी मुलांना सोडायला जाते तेव्हा, आणि दुपारी आणायला जाते तेव्हाही. शेगडीचं बटण बंद करून जाते, लोटा उशाशी ठेवते. झाडू लावते तोही याचसाठी, की कोणी दार वाजवू नये आणि ते उठायला जाऊन पुन्हा पडू नयेत. तू तिथे बसून दुसरं काय सुचवणार आहेस? मी थकते. इतकी थकते की कधी कधी टॅक्सी दारात आणते आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहते. हे तुला हवं तसं वापर.

पण त्या चोराला मी पकडणार आहे.

हेल्वी

*

हाउकिनिएमी
२० फेब्रुवारी

एन्सिओ,

बस आणि मग वाच.

काल सकाळी नेहमीसारखं सगळं केलं. कॉफी दिली, उशी सारखी केली, झाडू लावला. मुलांना न्यायचं काम दुसऱ्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. टॅक्सी गोठ्यामागे उभी केली आणि गोठ्याच्या फटीतून बघत बसले. कॅमेराही घेतला होता. वेइयोचा फोटो काढून तुला पाठवायचा होता.

फाटकातून कोणी आलं नाही. दारच उघडलं. आतून.

आधी झाडू पडला. मग बाबा बाहेर आले, अंगात गाऊनवर कोट, डोक्यावर आईची लोकरीची टोपी. वाकायला त्यांना फार वेळ लागला. मी धावत जाणारच होते. त्यांनी झाडू उचलला, दार ओढून घेतलं, आणि झाडू जसाच्या तसा दाराला परत आडवा लावला. मग कोपऱ्यात पडून असलेली आईची जुनी घसरखुर्ची व्हरांड्यातून खाली सरकवली आणि तिच्या दांडीला धरून एकेक पाऊल टाकत निघाले गॅरेजकडे. फाटकात खुणा का नव्हत्या, ते आता तुलाही कळलं असेल.

मी दबकत मागोमाग गेले. रागही आला, खरं सांगते. आत गेले तर ते खाली बसून पान्याने काहीतरी आवळत होते. मी म्हटलं, "बाबा, पडला असतात म्हणजे? मी तुम्हाला अंथरुणात ठेवून गेले होते."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "दाराला झाडू होता. म्हणजे घरी कोणी नाही. जो नाहीच, त्याला कोण अडवणार?"

एन्सिओ, मला रडू फुटलं. मी रोज गावाला सांगत होते, घरी कोणी नाही. आणि ते आत पडून झाडू टेकवल्याचा आवाज ऐकत होते. माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. त्यांना सांभाळते म्हणून मी मिरवत होते.

रडणं त्यांना आवडत नाही, तुला माहीत आहे. त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दोन्ही चाकं बांधून ठेवलीस, तर वळणावर वळणार नाही. सरळ बर्फाच्या ढिगात जाशील."

मी नाक पुसून म्हटलं, "आणि एकाच चाकावर ठेवली, तर सुरुवातीलाच जागच्या जागी गरगरत बसेल."

"बसू दे. वळेल तरी."

आम्ही जोरात भांडलो. ते मोठं स्प्रॉकेटही त्यांनीच चढवलेलं. म्हणे पोरीला वेगाचं फार. गेल्या वर्षभरात मिळून बोलले नसतील एवढं ते त्या थंडगार गॅरेजात बोलले. त्यांचं सगळं बरोबर आहे असं मुळीच नाही. एका चाकावर ती गाडी हलणार नाही म्हणजे नाही.

मग मध्येच, खीळ बोटात फिरवत, त्यांनी विचारलं, "त्या कायानीच्या खोलीचं दार आतून उघडतं का?"

आता तुला जे सांगितलं नाही ते सांगते. तुला वाटतं, तू मागे लागलास आणि मी नाही म्हणत राहिले. नोव्हेंबरातच मी स्वतः कायानीला फोन करून त्यांचं नाव लावलं होतं. एक मार्चपासून खोली मिळणार होती. तुला कळवलं नाही, कारण मग तू बरोबर ठरला असतास. बाबांना कळवलं नाही, कारण हिंमत झाली नाही. फोन बोळात आहे, त्यांचं अंथरूण भिंतीपलीकडे. त्यांनी तेव्हाच सगळं ऐकलं होतं. आणि वेइयोवर, तुझ्यावर मी संशय घेत होते तो याचसाठी, की दुसरं कोणीतरी दगाबाज सापडावं.

आज सकाळी कायानीच्या बाईंना दाराचं विचारलं. बाई भली आहे. म्हणाली, पडण्याची भीती असेल तर बाहेरून कडी लावतो, त्यांच्याच भल्यासाठी. मी म्हटलं, खोली दुसऱ्या कोणाला द्या.

वेइयोकडे बन घेऊन गेले आणि माफी मागितली. आता मी टॅक्सीवर असेन तेव्हा तो येऊन बसणार आहे. बाबांना गोड बोलून माझ्या गाडीची सगळी माहिती काढणार, मी काय ओळखत नाही का त्याला. तरी येऊ दे म्हटलं. पण तेवढ्याने भागणार नाही. महिन्यातला एक आठवडा तू ये. मासे न्यायला नाही, बाबांना आंघोळ घालायला. त्यांना सौनाच्या गरम वाफेत एकट्याने उतरवताना मला भीती वाटते.

ते पुन्हा पडतील का? पडतीलही. काल मी तेच म्हटलं त्यांना. म्हटलं, मला नेहमी जमेल असं वचन देत नाही. त्यांनी खीळ खिशात टाकली. मग म्हणाले, "एक चाक की दोन, याचा निकाल लागेपर्यंत मी कुठे जात नाही."

शर्यत मार्चात आहे, एन्सिओ. मी गाडी कशीही उतरवीन. पण हा निकाल मी लागू देणार नाही.

तुझी बहीण,
हेल्वी