शेवटून पहिलीच्या पंचवीस फेऱ्या

४ ऑगस्ट, मंगळवार

आज सकाळी मी गिझरला झापलं. "तापायचं नसेल तर तसं सांग, मी थंड पाण्यानं करते" — असं, चांगलं मोठ्यानं! म्हणून खालच्या दुकानातून ही वही आणली. येऊन तीन दिवस झाले. "धन्यवाद", "नको" आणि "रांग इकडून आहे" याखेरीज तोंडातून शब्द गेलेला नाही. असंच चाललं तर परतेपर्यंत उशीशी गप्पा मारायला लागेन. त्यापेक्षा कागद बरा.

खोली दोघींची. दुसरी पंच आलीच नाही. घोटा मुरगळला म्हणे. खेळाडूंचे शाबूत, पंचाचा मुरगळला! तिच्या पलंगावरची चादर रोज बदलून जातात. सफाईवालीला म्हटलं, तिथे कोणी झोपत नाही. तर म्हणाली, "यादीत दोघी आहेत." बरं. दोघी तर दोघी.

माझं काम शनिवारी. बायकांची दहा हजार मीटरची शर्यत, म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. त्या मोजायच्या आणि प्रत्येक फेरीची वेळ कागदावर मांडायची. हल्ली बुटाच्या नाडीला यंत्राची चकती बांधतात, ती आपली आपण मोजते. तरी नियमाप्रमाणे माणूस लागतोच. मला एकच धावपटू दिली आहे — सगळ्यांत मागे राहणार अशी. "पुढच्यांकडे सगळेच बघतात बाई, मागचीकडे बघायला तुमच्यासारखं माणूस हवं," मुख्य पंच म्हणाले. गोड बोलून काम गळ्यात मारण्यात हा गृहस्थ पटाईत. पण बोलला ते खरं आहे.

५ ऑगस्ट, बुधवार

न्याहारीचा हॉल बघत बसावा असा. एक गोळाफेकवाला रोज अकरा उकडलेली अंडी सोलतो आणि टरफलांचे ढीग ओळीत मांडतो. समोर जिम्नॅस्टिकची मुलगी अर्ध्या सफरचंदाचे आठ भाग करून त्यांच्याकडे बघत बसलेली. वजन उचलणाऱ्या बाईनं माझ्यासाठी दार धरलं, तर ते दार बाहुलीच्या घराचं वाटलं. बाहेर बांबूउडीवाले बसमध्ये बांबू कसे घालायचे यावर चालकाशी हुज्जत घालत होते. चालक शेवटी म्हणाला, "तुम्ही बसा. बांबूंना चालत येऊ द्या." मी मोठ्यानं हसले. शेजारी कोणी नव्हतं, म्हणून लगेच आवरलं.

मग माझ्या टेबलाशी दोघं आली. "इथं कोणी बसलंय का?" कोण बसणार! एक पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस आणि सव्वीस-सत्तावीसची मुलगी, केसांना लाल रिबीन. मामा-भाची. त्यांच्या देशाचं अख्खं पथक म्हणजे ही दोघं.

"प्रशिक्षक मी, मालिशवाला मी, संचलनात झेंडा धरला तोही मीच," मामा म्हणाला.

"आणि कोचच्या खोलीत घोरला तोही हाच," भाची म्हणाली.

मुलगी शाळेत खेळ शिकवते, हंगामी. देशाचा विक्रम अडतीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद. तो मोडला की शाळा कायम करणार, तसं लेखी आहे. नाही मोडला तर सुट्टीनंतर येऊ नका म्हणून सांगितलंय.

"आणि शर्यतीत नंबर?" मी विचारलं.

"तो ठरलाय मॅडम. शेवटून पहिला!"

मी क्रमांक विचारला. माझ्या कागदावरचाच निघाला. मी उठले. "मी तुझ्या फेऱ्या मोजणार आहे. शर्यतीचा निकाल लागेपर्यंत आपण बोलायचं नाही."

"अहो, चहा तरी संपवा," मामा म्हणाला. पण नियम म्हणजे नियम. चहा तसाच राहिला. चार दिवसांनी पहिल्यांदा कोणी समोर बसलं होतं, आणि मीच उठून आले.

६ ऑगस्ट, गुरुवार

काम नव्हतं. पासावर प्रेक्षकांत जाऊन बसले. खेळापेक्षा प्रेक्षक मजेदार. पुढच्या रांगेत एका कुटुंबानं तोंडं झेंड्याच्या रंगांत रंगवली होती. तासाभरात घामानं सगळे देश एकमेकांत मिसळले. मागे एक काका भालाफेकीवर अखंड बोलत होते — "खांदा उघडला! आता बघा, गेला!" भाला दर वेळी जवळच पडे. काकांचा उत्साह लांब जाई. शुभंकराचा पोशाख घातलेला मुलगा जिन्याखाली डोकं काढून पाणी पीत बसला होता. मला बघून घाबरला, "मॅडम, सांगू नका कोणाला." मी म्हटलं, डोकं उन्हात ठेवू नकोस, तापेल.

लाटेसारखं उठायचं-बसायचं चाललं होतं. लाट माझ्यापाशी आली. दोन्ही बाजूंचे उठले. मी नाही उठले. गुडघे.

संध्याकाळी धाकटीचा फोन. मागच्या वर्षापर्यंत आम्ही दोघी एकत्र होतो. आता ती मुलाकडे असते. "ताई, टीव्हीवर तुला शोधतेय. कुठे बसतेस?" मी सांगितलं, शेवटच्या रेषेजवळ, स्टुलावर. "काय घालून?" निळा कोट. "सगळ्यांनीच निळा घातलाय गं." मग नातू रडला. तिनं ठेवला.

७ ऑगस्ट, शुक्रवार

आज कोणीही भेटलं नाही. पेन्सिलींना टोक केलं. तीन.

८ ऑगस्ट, शनिवार

शर्यत झाली. झाली तशी लिहिते.

सहा वाजता सुरुवात. एकवीस जणी. तिसऱ्या फेरीतच माझी लाल रिबीन एकटी पडली, पण चाल सुंदर — घड्याळासारखी. फेरीला एक मिनिट एकतीस, बत्तीस. मनात आकडेमोड केली, विक्रम होतोय!

सतरा झाल्या आणि वळणावर पुढच्या जणी तिला ओलांडून जाताना एकीचा पाय तिच्या टाचेवर पडला. बूट निघाला. तिनं बुटाकडे बघितलं, पळणाऱ्यांकडे बघितलं, आणि बूट तिथेच टाकून मोज्यावर पळत सुटली. अख्खं स्टेडियम उभं राहिलं! असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. यंत्राची चकती बुटाबरोबर राहिली. मुख्य पंच धावत आले, "बाई, आता सगळं तुमच्या कागदावर." मी म्हटलं, आधी कधी नव्हतं?

बाकीच्या पोचल्या. ट्रॅकवर ती एकटी. रेषेवर आली, दोन्ही हात वर केले, थांबली. माझ्या कागदावर चोवीस. मी शेवटच्या फेरीची घंटा वाजवली.

"झाल्या ना पंचवीस!"

मी एक बोट दाखवलं.

"मी मोजल्यात, मॅडम!"

"मीही मोजल्यात. पळ!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळली आणि पळाली. लोकांना ती गंमत वाटली, आणखी ओरडले. मोजा लाल झाला होता.

चाळीस मिनिटं दहा सेकंद. विक्रम गेला. मामा कुंपणापाशी डोक्याला हात लावून बसला होता. वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून चोविसाच्या पंचवीस होत नाहीत.

९ ऑगस्ट, रविवार

मामानं तक्रार केली. मुलगी सव्वीस फेऱ्या धावली, अडतीस-अठ्ठावीसलाच पंचवीस झाल्या होत्या, असं त्याचं म्हणणं. टीव्हीचे कॅमेरे पुढच्यांवर होते, यंत्राची चकती पडलेली. राहता राहिला माझा कागद.

मुख्य पंचांच्या खोलीत बोलावणं. कागद पुढ्यात. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "बाई, सतरावी पंचवीस-चौपन्नला. पुढची नोंद एकोणतीस-चार. एवढी मोठी फेरी?"

"ती थांबली होती. बूट निघाला."

"बूट टाकायला दीड मिनिट?" मामा म्हणाला. "घालायलासुद्धा लागत नाही हो!"

"एकोणचाळीस वर्षं मोजतेय," मी म्हटलं. "एक फेरी चुकलेली नाही."

मुख्य पंच कोणाकडेच न बघता म्हणाले, "उद्या बारापर्यंत लेखी द्या. तुम्ही द्याल तो निकाल." मंगळवारी त्या दोघांचं विमान आहे.

किती वेळ थांबली होती ती? आठवायला गेलं की नुसता आवाजच आठवतो.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये रिबीन लंगडत आली. पायाला पट्टी. ताट घेऊन थेट माझ्या टेबलाशी. "आता बोललेलं चालतं?"

"निकाल लागेपर्यंत नाही."

तरी बसली. एक शब्द नाही बोलली. मीही नाही. तिनं मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली, मी पाण्याचा जग तिच्याकडे. पूर्ण जेवण असं झालं. आवडलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

उठताना मात्र म्हणाली, "सहलीला नेते तेव्हा मी मुलं मोजते, मॅडम. बसमध्ये चढताना, उतरताना. एकही कधी हरवलं नाही."

मला राग आला. अजून आहे. कोणावर, ते कळत नाही.

१० ऑगस्ट, सोमवार, सकाळ

निवेदनाचा मसुदा तयार होता. "माझी नोंद अचूक आहे." एवढीच ओळ. सही राहिली होती.

दाराखालून स्पर्धेचं रोजचं पत्रक सरकलं. 'शनिवारचे क्षण' म्हणून पानभर फोटो. एका फोटोत कोणी बाई स्टूल सोडून उभी. दोन्ही हात डोक्यावर उंच, टाळी वाजवताना, दातात पेन्सिल, बिल्ला उडून खांद्यावर गेलेला, तोंडावर असा आनंद की घरच्यांनी ओळखू नये. निळा कोट.

मी! मला उठल्याचं आठवतसुद्धा नाही. खाली छापलंय, 'पंचांनाही राहवलं नाही.'

हसू आवरेना. धाकटीला फोन लावला. "ताई, तू? टाळ्या? काहीतरीच. दुसरी कोणी असेल," म्हणाली. मी म्हटलं, अगं, खरंच मी. म्हणाली, "मग जपून ठेव. पुन्हा होणे नाही." पुष्कळ वेळ बोललो. आज तिला घाई नव्हती.

फोन ठेवल्यावर चष्मा पुसून पुन्हा बघितलं. माझ्या मागे रेषा. रेषेवर रिबीन, एका पायात नुसता मोजा. तिच्या डोक्यावर मोठं घड्याळ, आकडे स्पष्ट.

बराच वेळ पलंगावर बसून होते. माझ्या नाही, दुसरीच्या.

१० ऑगस्ट, दुपार

अकरा वाजून वीस मिनिटांनी मुख्य पंचांच्या हाती दिलं, पोच घेतली. फेऱ्यांचा कागद एक, त्यात २५:५४ नंतर थेट २९:०४. पत्रकातला फोटो एक, त्यात धावपटू रेषेवर आणि घड्याळ २७:३०; त्या फेरीची नोंद कागदावर नाही. निवेदन एक — धावपटू सव्वीस फेऱ्या धावली, पंचवीस ३८:२८ ला पुऱ्या झाल्या, तीच तिची वेळ धरावी.

छापील अर्जात 'चुकीचे कारण' असा रकाना आहे. रिकामा ठेवता येत नाही म्हणाले. लिहिलं: टाळ्या वाजवत होते.