रविवारच्या सिनेमातल्या चुका

देवळाली गाव, नाशिक
सोमवार, सकाळ

प्रिय अन्सार,

पाकीट पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. गुडघे सोडले तर लता ठणठणीत आहे. प्रफुल्लची बदली वर्षभरापुरती टळली. सूनबाईंनी गच्चीत टोमॅटो लावलेत आणि त्यातले रोज दोन कमी होतात, माझा संशय वरच्या मजल्यावरच्या शेखरवर आहे. लता म्हणते, पोपट खातात. पोपट देठासकट नेतात का, एवढंच मी विचारलं. आज सकाळपासून रेंजवर फायरिंग सुरू आहे, टेबलावरच्या चहाला लाटा येतायत. मोठ्या तोफा काढलेल्या दिसतात.

मला आपल्या रविवारच्या सिनेमांबद्दल बोलायचं आहे आणि थोडं भांडायचंही आहे. लॉकडाऊनमध्ये आपण हा खेळ सुरू केला तेव्हा वाटलं होतं, चार रविवार चालेल. दुपारी दोनला तू मालेगावात आणि मी इथे, एकच लढाईचा सिनेमा लावायचा, पाचला फोन करायचा आणि ज्याने जास्त चुका पकडल्या तो जिंकला. जिंकणाऱ्याला काही नाही, हरणाऱ्याला आठवडाभर टोमणे. चुका लिहायची वही आता चौथी चालू आहे. नाशिक रोड कॅम्पात रंगरूट म्हणून एका बराकीत आलेली दोन पोरं पासष्टी ओलांडून टीव्हीपुढे बसून सिनेमावाल्यांच्या चुका काढतात, हे कुणाला सांगितलं तर हसतील. हसू देत. चोवीस वर्षं तोफखान्यात घालवल्यावर एवढा हक्क आपल्याला आहे.

चुका काढतो म्हणून आपल्याला सिनेमा आवडत नाही असं लोकांना वाटतं. उलट आहे. ज्याच्यावर जीव त्याच्याच खोड्या दिसतात. माझ्या मते लढाईचा सिनेमा बघण्यासारखा आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे: त्यात एखादा जवान बूट काढून पाय कोरडे करताना दिसला पाहिजे. पाय दाखवले की समज, बनवणाऱ्याने कुणा खऱ्या सैनिकाला जवळ बसवून विचारलं आहे. नाहीतर नुसते झेंडे, गाणी आणि स्लो मोशन. तो चौकीवर चहा पोहोचवणाऱ्या लांगरीचा, फौजी आचाऱ्याचा, सिनेमा आठवतो? दोन तासांत तीन गोळ्या सुटतात, बाकी सगळा वेळ तो म्हातारा चहाची किटली अंगाशी धरून चढ चढतो आणि वर पोहोचेपर्यंत चहा गार. शेवटी जवान तो गार चहा पितात आणि गरम आहे म्हणतात. त्या सिनेमात आपल्याला एक चूक सापडली नाही, तू वहीत शून्य लिहायला लावलंस. मला शत्रूला चेहरा असलेला सिनेमा आवडतो. ज्यात भीती दाखवायला लाज वाटत नाही तो आवडतो. पाणबुडीवाला तर आपला दोघांचाही लाडका. तू म्हणतोस, त्यात लोखंड कुरकुरतं ते ऐकून अंगावर काटा येतो. मला तो आवडतो कारण त्यात तासभर कुणी तोंडच उघडत नाही.

आता भांडण. माझा स्वभाव तुला माहीत आहे. गॅसचा सिलिंडर आला की मी तो काट्याला टांगून बघतो, शिंप्याला कापड मोजून देतो, औषधाच्या बाटलीवरची तारीख दुकानातच वाचतो. लता म्हणते, या माणसाला पांढरं दूध दिलं तरी विचारेल, पांढरं का? पण आजवर मी तुझ्यावर कधी संशय घेतला नव्हता. गेल्या दिवाळीनंतर घ्यायला लागलो आणि त्याची मला स्वतःलाच शरम वाटते.

झालं असं की एका रविवारी वीज गेली, सिनेमा बुडाला, म्हणून मी जुन्या वह्या काढून बसलो. पहिल्या वहीत तुझ्या नावापुढे काय काय आहे! कॅप्टनच्या खांद्यावरचा तिसरा तारा पुढच्या प्रसंगात गायब. डाव्या दरवाजाला पोचा पडलेला एकच ट्रक तीनदा पुढे जातो आणि वीस ट्रकांचा ताफा असल्याचं भासवतात. खंदकात चार दिवस बसलेल्या माणसाच्या बुटाला पॉलिश. तोफेचा जवान एक डोळा मिटून नळीवरून नेम धरतो, जणू गोट्या खेळतोय. हे सगळं तू पकडलंस, मी नाही. आणि आताची चौथी वही बघ. तोफेच्या आवाजाबरोबरच तीन किलोमीटरवरच्या स्फोटाचा धडाका, सूनबाईंनीही तसंच ऐकलं. ही चूक तू पकडलीस. लडाखच्या बर्फात कोकिळा ओरडते. वायरलेसला खरखर नाही. तोफ पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, त्या दिवशीचं तुझं वाक्य वहीत जसंच्या तसं आहे, "धोंडू, ये तोप झूठ बोलती है." वाचून मी हसलो आणि हसता हसता थांबलो. पानं उलटत मागे गेलो. दिवाळीपासून तुझ्या नावावर एकही चूक डोळ्यांची नाही. सगळ्या कानांच्या.

मग मी एक वाईट काम केलं. त्या बर्फातल्या सिनेमानंतर मी तुला मुद्दाम म्हणालो, सुभेदाराचं घड्याळ आधी डाव्या हाताला होतं, नंतर उजव्या हाताला गेलं, बघितलंस का? तू लगेच म्हणालास, हो रे, मी तेच सांगणार होतो. अन्सार, त्या माणसाने अख्खा सिनेमाभर कोपरापर्यंत हातमोजे घातले होते. त्याचं मनगट एकदाही दिसलं नाही.

तरी मी स्वतःला समजावलं की तुझं लक्ष नसेल, डुलकी लागली असेल. पण एकदा मनात संशयाचं कुसळ शिरलं की मी कसा असतो ते तुला माहीत आहे. मार्चमध्ये मी अचानक मालेगावला आलो ना, तो काही लुंगीचं कापड घ्यायला नव्हतो आलो. निघायच्या आदल्या दिवशी मी न्हाव्याकडे जाऊन मिशी उतरवली. चाळीस वर्षांची मिशी! लता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, प्रफुल्लने मला फाटकाशी ओळखलं नाही. बस चांदवड ओलांडून गेली तरी मी खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड बघत होतो. दारात तुझी नात जिया आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओढणी तोंडाला लावून हसली. तू आतून आलास, दाराच्या चौकटीला खांदा घासत आलास, मला मिठी मारलीस आणि माझ्या कानाशी म्हणालास, अगदी तसाच दिसतोस रे, एक केस बदलला नाहीस. जियाचं हसू तिथेच थांबलं आणि ती खाली बघायला लागली. नंतर तू चहाचा कप उचललास तो बशी चाचपून. मी सगळं पाहिलं आणि लुंगीच्या कापडाचा भाव विचारत बसलो. परतीच्या बसमध्ये मी रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

तुला साखर आहे, पंधरा वर्षं झाली. म्हणून मी इथल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. माझाच आजार असल्यासारखी लक्षणं सांगितली, तर ते माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाले, काका, तुमचे डोळे चांगले आहेत, खरा पेशंट कुठे आहे? मग खरं सांगितलं. त्यांनी समजावलं की साखरेने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरतं, दुखत नाही म्हणून माणूस आज-उद्या करत राहतो. गेलेली नजर ते परत देऊ शकत नाहीत. उरलेली वाचवता येते, इंजेक्शनं आहेत, लेझर आहे, पण त्याला पावसाळा संपायची वाट बघत बसायचं नाही. पेशंटला याच महिन्यात आणा, म्हणाले.

तू का लपवतोस तेही मला कळतं. आम्ही सात जण तोफेवर, डोंगराआड, खाली दरीत. आम्हाला शत्रू कधी दिसला नाही. सिनेमात सगळ्या तोफवाल्यांना शत्रू दिसतो, ती सगळ्यात मोठी चूक, हे तूच पहिल्या वहीत लिहायला लावलंस. आमच्या तोफेला डोळे नव्हते, तू होतास, वर कड्यावर, दुर्बीण आणि वायरलेस घेऊन. कारगिलच्या वेळी, त्या तिसऱ्या दिवशी दुपारी, नकाशाप्रमाणे नाल्यात आपलं कुणी असायला नको होतं. तिथे पाच माणसं दिसली आणि खालून हुकूम तयार होता. तू वायरलेसवर म्हणालास, रोको, त्यात एक मान पुढे काढून चालतोय, तो आपला बहिरू आहे. दीड हजार मीटरवरून तू एका माणसाची चाल ओळखलीस. तार दुरुस्त करायला गेलेली आपलीच पोरं वाट चुकून नाल्यात उतरली होती. बहिरू आज घोटीत नातवंडं खेळवतो आहे. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी तुला विचारलं नाही, नक्की दिसतंय का? मीसुद्धा नाही, जो आईच्या हातची भाकरीही उलटून बघतो. जगात एकाच माणसाच्या डोळ्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. म्हणून तुला वाटत असेल, डोळे गेले हे धोंडूला कसं सांगू? अरे वेड्या, मी तुझ्याशी दोस्ती केली ती दुर्बिणीसाठी नाही.

आता हे सगळं फोनवर सांगायचं सोडून पत्र का लिहिलं ते सांगतो. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. तुझी चोरी मी पकडली कारण मी स्वतः दीड वर्षं तेच करतो आहे. मला फोन ऐकू येत नाही, अन्सार. तोफेजवळच्या इतक्या वर्षांनी आधी उजवा कान गेला, मग डावा, आता कुणी कानाशी तोंड आणून बोललं तरच शब्द लागतात. रविवारी पाचला माझी नात चैताली फोन स्पीकरवर ठेवते, तू बोलतोस ते वहीत लिहिते, मी वाचतो आणि उत्तर देतो. चौथी वही सगळी तिच्या अक्षरात आहे. तिने जे टिपलं ते शब्दन् शब्द माझ्यासमोर कागदावर होतं, म्हणूनच मला दिसलं की तुझ्या चुका कानांच्या आहेत. ऐकू येत असतं तर मी तुझ्या आवाजातच रमलो असतो. तेव्हा पत्र लिहिण्यावाचून माझ्याकडे मार्ग नाही आणि हे पत्र तुला वाचता येणार नाही हेही मला माहीत आहे. जिया, बेटा, इथपर्यंत तूच वाचलंस ना? दादाजानला वचन दिलं असशील, कुणाला सांगणार नाही म्हणून. तू ते मोडलं नाहीस, मी पकडलं, तुझ्यावर बोल नाही. येत्या गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची अकराची वेळ घेतली आहे. सकाळच्या बसने त्याला घेऊन ये, मी ठक्कर बाजारच्या स्टँडवर उभा असेन. तो चिडेल, नाही म्हणेल, पत्र फाड म्हणेल. त्याला सांग, धोंडूने कानाच्या डॉक्टरांचीही त्याच दिवशी दोनची वेळ घेतली आहे आणि एकटं जायला त्याला भीती वाटते.

तुझाच,
धोंडीराम