धातूवाचून ऑक्सिडेशन

४ डिसेंबर १९७२. सकाळी ७.
पीएच.डी.ची नोंदणी ३१ मार्चला संपते. सात वर्षं झाली. पुण्याहून गाइड लिहितात, यापुढे मुदतवाढ नाही. मागितलीय कुणी? राहिलंय काय? ग्लायसिन हे ॲमिनो ॲसिड परसल्फेटने ऑक्सिडाइज करायचं. चांदीचे आयन घातले की फ्री रॅडिकल्स सुटतात, रिॲक्शन पळते. नाही घातले तर रांगते. एवढं दाखवलं की झालं. रोज चार रीडिंग्ज. महिन्याभरात डॉक्टर.

५ डिसेंबर.
रीडिंग्ज शून्य. दुष्काळामुळे कॉलेजात नळ कोरडे, डिस्टिलेशन बंद. शेवगावात बॅटरीवाल्या महमूदकडून डिस्टिल्ड वॉटर आणवलं, तर कानिफनाथ शिपायाने काचेचा बुधलाच फोडला. वर म्हणतो, तुमी लई जोरात वरडलात सर, म्हनून हातातून सुटला. सावकाश चालत होता म्हणूनच ओरडलो ना!

६ डिसेंबर.
घरून लग्नातला तांब्याचा हंडा आणला. नवं पाणी त्यात. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे शेंबड्या पोरालाही कळतं. डेमॉन्स्ट्रेटर पुष्पावतीबाई म्हणाल्या, सर, तांब्यात? एम.एस्सी. होऊन वर्ष नाही झालं आणि मला शिकवतात!

१९ डिसेंबर.
चांदी न घालताच रिॲक्शन पळते. पुन्हा केली. पुन्हा पळाली. फ्लास्क नीट धुतले नसणार. कानिफनाथला झापलं. त्याने माझ्यासमोर तीनतीनदा धुतले, हंड्यातल्याच पाण्याने. तरी पळते! नालायक ग्लायसिन.

२ जानेवारी १९७३. दुपारी.
शोध लागला! धातू लागतच नाही. फ्री रॅडिकल्स आपोआप सुटतात. आजवरचे सगळे पेपर चूक. गाइडना रजिस्टर पत्र टाकलं, थीसिसचं नावही बदललं. पुष्पावतीबाई म्हणाल्या, एकदा काचेतलं पाणी घेऊन बघू का? लॅबबाहेर काढलं. मत्सर, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी.
गाइड आले. अभिनंदन राहिलं बाजूला, हंड्याकडेच बघत बसले. पाणी कशात ठेवता, म्हणाले. शुद्ध ठेवतो, म्हटलं. मग पुष्पावतीबाईंनी वही काढली. दर रविवारी येऊन करत होत्या म्हणे. काचेतल्या पाण्यात रिॲक्शन रांगते. त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचंच मीठ, मोजून घातलं की पळते. सहा रीडिंग्ज, एका सरळ रेषेत. माझ्याच लॅबमध्ये, माझ्या पाठीमागे! आणि किल्ली कोणी दिली? कानिफनाथने!
गाइड म्हणाले, तांब्याचे आयन, विषय चांगला आहे, करा. मला वाटलं, मलाच म्हणतायत.

३१ मार्च.
पुष्पावतीबाईंचा पीएच.डी. नोंदणीचा अर्ज आला. गाइडकडे एक जागा रिकामी झालीय, माझी. विभागप्रमुखाची सही लागते. विभागप्रमुख मी.
त्या टेबलापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, सर, टायट्रेशन मला तुम्हीच शिकवलंत. ते खरं आहे. ओरडायला तोंड उघडलं, पण पेन मागितलं. फार वाईट वाटलं.
सही केली. खाली तारीख घालायची राहिली. ती त्यांनीच घातली.