मरायची फळं

३ सप्टेंबर

ताईने आज चित्रासाठी नवी मांडणी लावली. काचेचा वाडगा, त्यात तीन पीच, मागे राखाडी कापड. बस्स. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, तो माझ्या हातात दिला — "तूच बोल, माझे हात रंगलेत."

रंगले नव्हते. ट्यूबची झाकणंसुद्धा उघडली नव्हती.

तिच्या पोटातली गाठ याच आठवड्यात काढू, असं डॉक्टरांचं म्हणणं. ताई म्हणते, हे चित्र होऊ दे. फळं मऊ पडून बसली की दुसऱ्या दिवशी भरती होते, शब्द देते. डॉक्टर म्हणाले, "फळं कुठली आहेत?" पीच म्हटल्यावर तयार झाले. "सफरचंदं असती तर नाही म्हणालो असतो." माणूस बरा वाटला.

तिच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतला लेख मी लिहायचा आहे. सख्ख्या बहिणीवर! आयुष्यभर वर्तमानपत्रात परक्यांवर लिहिलं. ते सोपं होतं.

५ सप्टेंबर

लेख सुरू केला. ताईच्या घरी फळं दोन प्रकारची — खायची आणि मरायची. खायची फ्रिजमध्ये, मरायची टेबलावर. तिची मुलं यावर वाढली. पाहुण्याने चुकून मरायच्यातलं उचललं की सगळं घर एका सुरात ओरडायचं.

तिच्या चित्रांत कवटी नाही, विझलेली मेणबत्ती नाही, वाळूचं घड्याळ नाही. "ते म्हणजे पाटी लावणं झालं. पुढे मरण आहे, वाहने सावकाश हाका!" ती फक्त बसत जाणारं फळ रंगवते. आणि एका चित्रात एकच वेळ नसते — डावीकडचं फळ सोमवारचं, उजवीकडचं शुक्रवारचं. एका वाडग्यात आख्खा आठवडा. बघणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. त्याला नुसतं वाटतं, काहीतरी हललं.

पहिला परिच्छेद फोनवर वाचून दाखवला. 'क्षणभंगुर'पाशी तिने अडवलं. "काढ तो. शोकसभेतला शब्द आहे. क्षण भंगत नाही गं, मऊ पडतो."

काढला. तिचं वाक्य मात्र चोरलं.

९ सप्टेंबर

ताईकडे गेले होते. फळं ताजीच! टणक, गालांवर लव. मी खोलीत शिरताच तिने कॅनव्हास भिंतीकडे फिरवला. पुरं झाल्याशिवाय दाखवायचं नाही, ही जुनी खोड.

"कुठवर आलंय?"

"चाललंय."

बारीक झाली आहे. भावोजींनी चहा केला आणि साखर घालायला विसरले. शाळेत जन्मभर गणित शिकवलं त्यांनी. घरात साखरसुद्धा सपाट चमच्याने मोजणारा माणूस.

"यंदा फळं चिवट निघाली," ते म्हणाले.

"नवऱ्यावर गेलीत," ताई म्हणाली.

१३ सप्टेंबर

अजून तशीच. डॉक्टरांचा फोन आला. या वेळी फळांची चौकशी केली नाही.

मांडणीला हात लावायचा नाही, हा त्या घरचा कायदा. मी लावला नाही. ताई आडवी झाली होती तेव्हा फक्त खिडकी लावून घेतली आणि पंखा बंद केला. उकाड्याने लवकर बसतील. मरण आणि कला यांवर अडीच पानं लिहून झालेली बाई एका पीचच्या मरणाला हातभार लावते आहे — वा!

चित्र काळाला थांबवतं, असं आपण लिहितो. मीच किती वेळा लिहिलं असेल. काही थांबवत नाही. फळ आपल्यासमोरून जातं. मग चित्रातलं फळ आपल्याला जाताना बघत राहतं. आज छापण्याजोगं एवढंच सुचलं.

१४ सप्टेंबर

पंखा कुणीतरी पुन्हा लावला. खिडकीही उघडी.

१७ सप्टेंबर

फळवाल्याकडे केळी घ्यायला गेले तर पुढे भावोजी. एकेक पीच उचलून उजेडात फिरवत होते.

"हे नको. याचा गाल फार लाल. डावीकडून फिकं हवं, आणि देठाशी खळगा."

"साहेब, खायचंय की लग्न जमवायचंय?"

"परवा होतं ना, तसं दे बाबा."

वळले, मला पाहिलं आणि हातातली पिशवी पाठीमागे नेली. पोरांच्या कॉप्या पकडण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस!

रस्त्याच्या कडेला उभे राहून बोललो. ताई दुपारी झोपली की ते फळ बदलतात. एका वेळी एकच, म्हणजे तिला कळू नये.

"ती म्हणाली ना, फळं बसली की जाते. मग मी बसू दिली नाहीत. एवढंच केलं."

"आणि काढलेली?"

"खातो. तिथेच, बेसिनपाशी उभं राहून." मग म्हणाले, "मला पीच आवडतसुद्धा नाही गं."

मी रागावले नाही. रागवायला हवं होतं बहुधा. म्हटलं, भावोजी, ती घरी राहिल्याने बरी होत नाहीये. गाठ काही फळं बघून थांबलेली नाही. त्यांनी मान हलवली. पिशवी माझ्या हातात दिली आणि घरी न जाता उलट्या दिशेने चालत गेले.

ताईला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरवलं.

२२ सप्टेंबर

बसली. तिन्ही. वाडग्याच्या तळाशी रस, त्यावर एक माशी. ताईने बराच वेळ पाहिलं, ब्रश पुसले आणि म्हणाली, "चला."

बॅग भावोजींनी भरली. चष्मा राहिला म्हणून पुन्हा वर गेले, ते लवकर खाली येईनात. ताई गाडीत बसून होती. "हाक नको मारू," म्हणाली. "येईल."

२५ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. प्रकृती स्थिर. बातम्यांत हा शब्द मी हजारदा छापला आहे. अर्थ इतकाच, की अजून बातमी नाही. ताईच्या कामालाही स्थिरचित्रच म्हणतात. शुद्धीवर आली की सांगेन, हसेल.

गाठ निघाली, पण थोडं पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच आला असतात तर —" भावोजी शेजारीच होते. उठून खिडकीपाशी गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले.

लेख पाठवला. मुदतीच्या आत.

२७ सप्टेंबर

प्रदर्शनवाले चित्र न्यायला आले. ताईने किल्ली दिली होती. बावीसला तिने ब्रश पुसले तेव्हापासून कॅनव्हास भिंतीकडेच; मीच फिरवला.

बसलेली फळं नाहीतच. वाडग्यात दोन पीच. तिसरं वरून येतंय — भावोजींच्या हातात. पीच ताजं आहे. फुगलेल्या शिरा, डाग, बोटांच्या सांध्यांवर सैल पडलेली कातडी — त्या हाताइतकं जपून तिने आजवर एकही फळ रंगवलेलं नाही.

खाली सही. तारीख, ११ सप्टेंबर.