रविवारच्या दुसऱ्या खुर्चीबाबत

रविवार, दिनांक ३१ मार्च १९८५, संध्याकाळी साडेसात वाजता, टीव्हीवर बातम्या लागल्या त्या क्षणी माझ्या घरातून माझी मैत्रीण उठवून नेण्यात आली. ती तक्रार कुठेतरी नोंदवून ठेवायची म्हणून हे मृत्युपत्र आज लिहीत आहे.

मी, कुमारी चांगुणा धोंडीराम दोंदे, वय चौसष्ट, टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त, राहणार नाशिक. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना शंका आहे, ती त्यांनी स्वतःजवळ ठेवावी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला पाठ ताठ ठेवायला आणि वाक्य पूर्ण करायला शिकवले. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणून बघावा.

कलम एक. राहते घर माझ्या भावाची मुलगी मैना हिला द्यावे. भिंतींना गुलाबी रंग देऊ नये. तिच्या नवऱ्याला तो आवडतो, हे मी ऐकून आहे.

कलम दोन. बँकेतील ठेव विहाराच्या वाचनालयाला, मुलींच्या पुस्तकांसाठी द्यावी. माझ्या नावाची फरशी बसवू नये. लोक तिच्यावर चपला काढतात.

कलम तीन. पुतळाबाई माझ्याकडे भांडी घासते. ती या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवणे बरे नव्हे असे वकील म्हणतात. म्हणून शिलाईचे मशीन मी तिला कालच देऊन टाकले. वकिलांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

कलम चार. लाकडी दारांचा काळा-पांढरा टीव्ही, आणि त्याच्यासमोरच्या दोन वेताच्या खुर्च्या. खिडकीजवळची माझी. दुसरी चंद्रभागाबाईंची.

चंद्रभागा रंगनाथ थेटे या माझ्या समोरच्या घरात राहतात. मूळच्या दिंडोरीच्या, द्राक्षवाल्या. मुंबई केंद्र दिसावे म्हणून मी गच्चीवर उंच अँटेना बसवून घेतला, तेव्हा चित्र आले की नाही हे ओरडून सांगायला त्यांना बोलावले. त्या बसल्या, त्या बसतच राहिल्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी रहस्यपट लागे. डोंगरावरच्या एका गावात एक निवृत्त पोस्टमास्तरीणबाई राहते, गावात दर महिन्याला खून होतो, आणि बाई लोणची घालता घालता खुनी शोधते. रक्त कधी दिसत नसे. मध्येच बातम्या लागत, तेवढ्यात चहा होई. चहा संपायच्या आत दोघींनी आपापला खुनी सांगायचा, हा आमचा नियम. मी नेहमी डॉक्टर सांगे. चंद्रभागाबाई सांगत, जो पडद्यावर जेवला नाही तो.

"अहो, भुकेल्या माणसाचंच डोकं फिरतं."

"मग पोलिसांनी भाकरी घेऊन हिंडावं."

"हिंडावंच! अर्धे खून थांबतील, चांगुणाबाई."

दोघींचाही अंदाज कधी खरा ठरला नाही. निर्दोष माणसांवर इतक्या आनंदाने आरोप मी दुसऱ्या कोणाबरोबर केलेले नाहीत. तीस वर्षे मी इतरांना फोन जोडून दिले. मला कोणाशी बोलायचे आहे का, हे त्या रविवारांपर्यंत मलाच ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी पोस्टमास्तरीणबाईने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवले, बातम्या लागल्या, मी चहा ओतला. दारात त्यांचा मुलगा खंडेराव. हा मला मावशी म्हणत मोठा झाला.

"आई, चल. आपल्याकडं कलर आला."

"अरे, खुनी सापडायचाय अजून. चहा तरी घेऊ दे."

"चहा घरी घे. पोरीची सोयरीक चाललीय. पाहुणे विचारतात, आई कुठं बसते-उठते म्हणून. या घरचं चहापाणी आता बास." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "येतो, बाई."

मावशीची बाई झाली. का झाली, ते मला कोणी समजावून सांगू नये. आम्ही बौद्ध आहोत हे त्या घराला पहिल्यापासून माहीत होते. पाहुण्यांना त्या वर्षी कळले. खंडेरावाला मी माफ केलेले नाही, पण त्याच्यासाठी मी कागद खराब केला नसता. माझा दावा चंद्रभागाबाईंवर आहे. त्या उठल्या. कप भरलेला. उंबऱ्यात थांबल्या, पदर सारखा केला, आणि "येते" न म्हणता गेल्या. मी टीव्ही बंद केला. त्या गोष्टीतला खुनी कोण, हे मला आजही माहीत नाही.

पुढचे रहस्यपट मी एकटीने पाहिले. एकदा डॉक्टर खरोखरच खुनी निघाला. मी ते खुर्चीला सांगितले.

पुतळाबाई त्यांच्याकडेही भांडी घासते. ती म्हणते, "त्या दिशी कलरमधी निसत्या मुंग्या व्हत्या, बाई. अँटेनाच नव्हता लावला." आणि परवा म्हणाली, "बातम्या लागल्या का आजी अजून गॅलरीत येऊन उभ्या ऱ्हात्यात. म्या इचारलं काय बघता, तर म्हणं, चहा झाला असंल तिचा."

हे ऐकल्यावर मी पुढचे कलम दोनदा फाडले. शेवटी आहे तसेच ठेवले.

कलम पाच. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, पांढऱ्या वस्त्रात, थोडक्यात व्हावा. माझ्या जिवंतपणी ज्यांनी माझ्या घरी चहा सोडला, त्यांनी त्या दिवशी येऊ नये. मेलेल्याच्या दारात कोणीही येते, पाहुण्यांची त्याला हरकत नसते.

कलम सहा. थेटे कुटुंब डिसेंबरात इंदिरानगरला नव्या बंगल्यात जाणार आहे. तिथल्या गॅलरीतून माझे घर दिसत नाही. रविवार, ३० नोव्हेंबरला तोच अर्धा राहिलेला रहस्यपट पुन्हा दाखवणार आहेत. चंद्रभागाबाई त्या संध्याकाळी स्वतःच्या पायांनी येऊन बसल्या, तर टीव्ही व दोन्ही खुर्च्या माझ्यामागे त्यांच्या, आणि कलम पाचमधील बंदी रद्द. न आल्यास टीव्ही व माझी खुर्ची वाचनालयाला द्यावी. दुसरी खुर्ची कोणालाही देऊ नये. ती माझ्या सरणावर ठेवावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

सही : चां. धों. दोंदे

साक्षीदार :
१. पुतळाबाई भिकन गांगुर्डे (अंगठा)
२. कोंडाजी सखाराम निकम, निवृत्त मुख्याध्यापक, शेजारी (सही)

नाशिक, सोमवार, १० नोव्हेंबर १९८६

प्रत : श्रीमती चंद्रभागा थेटे, समोरचे घर.

चंद्रभागाबाई, कलम सहाचे उत्तर लेखी हवे, शनिवार २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. पुतळाबाईबरोबर तोंडी निरोप चालणार नाही. खंडेरावाचे अक्षर मी ओळखते. तुम्ही चौथी शिकलेल्या आहात, "येते" एवढे लिहायला ते पुरे. चहात साखर हल्ली किती घेता, तेही लिहावे.