दाढेतली चांदी

विशाखाचे बाबा,

तुमी शाळेतून याच्या आधीच मी पोरीले घेऊन आदिलाबादच्या बसनं चालली. दाढेतला खड्डा आज भरूनच आणतो. दुधाची दाढ पडूनच जाते, भरता काऊन, असं तुमी म्हणता. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, ती पडाले अजून चार वर्षं आहेत. तोवर पोरीनं एकाच अंगानं चावाचं का?

भाकरी टोपल्यात आहे. भाजी गरम करून घ्या.

आई चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्या गुळाच्या खड्यानंच दाढ किडली, असं मी त्यायले बोलून गेली होती. आज पिशवीत टॉवेल ठेवाले गेली, तर आत फडक्यात बांधलेली त्यायची जोडवी निघाली. मामाजी वारल्यावर पायातून काढलेली, तेव्हापासून पेटीतच होती. दाढेत चांदी भरतात, असं मी काल तुमाले सांगत होती, ते त्यायनं ऐकलं असन. चांदी घरूनच न्यावी लागते, असं वाटलं त्यायले.

आई कापूस वेचाले गेल्या आहेत. आल्यावर हसू नका, अन् डॉक्टरची चांदी वेगळी असते हे सांगूही नका. ते मीच सांगीन. जोडवी मी पेटीत परत ठेवली नाही, सोबत नेऊन राह्यली. दाढ कोराची मशीन सुरू झाली का पोरीच्या मुठीत देईन.

आईनं विचारलं तर एवढंच सांगा, पुरचुंडी मले भेटली.

कुसुम