तळ लागत नाही

सोमवार, ३ मार्च
आलो एकदाचा! घर झकास आहे. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, वर दोन ऐसपैस खोल्या, आणि मागच्या बाजूला निळ्या फरशीचा स्विमिंग पूल. भाड्यानं द्यायला घर घ्यायचं हा ताईचा बेत. घर दोघांच्या नावावर घ्यायचं, राहून बघायचं काम मात्र अर्थातच माझं. दलाल किल्ल्या देताना म्हणाला, आठवडाभर राहा, मन भरलं तरच सही करा. ताईनं फोनवर बजावलं, या वेळी तरी घोळ घालू नकोस. दुपारी मनसोक्त डुंबलो. खोल बाजूलाही पाणी जेमतेम हनुवटीपर्यंत. भाडेकरूंना काळजी नको.

मंगळवार, ४ मार्च
पूल म्हणजे घरजावई आहे. सतत सरबराई! पंप गुरगुरतो, जाळी तुंबते, औषध टाकलं की डोळे चुरचुरतात. वैतागून पोहायला उतरलो, तर खोल बाजूला पाय टेकेनात. नाकातोंडात पाणी गेलं. वाटलं, पाणी वाढलं. पण काठावरची रेघ जिथल्या तिथं. ताईला फोन केला, तर ती दवाखान्यात कुणाच्या तरी दाढेत गुंतलेली. म्हणाली, तू बुटका झाला असशील.

बुधवार, ५ मार्च
पूल साफ करणाऱ्याला बोलावलं. उशिरा आला, काठावरून नजर टाकली, म्हणाला सगळं ठीक आहे, पाण्यात खोली फसवी दिसते. मी म्हटलं, अहो, मी बघून नाही, बुडून सांगतोय! हसला आणि निघून गेला. मग लांब दांड्याचा ब्रश मीच सोडला. खांदा बुडेपर्यंत हात घातला. तळ नाही.

गुरुवार, ६ मार्च
वरच्या खोलीचं कपाट उघडलं. आधीच्या भाडेकरूंचे कपडे तसेच टांगलेले, खाली चपला. दलालाला विचारलं, सामान टाकून कोण घर सोडतं? म्हणे लोक विसराळू असतात. कुठं गेले, हे त्यालाही माहीत नाही. प्रत्येकाकडे उत्तर तयार, आणि एकाचंही काही कामाचं नाही. डोकं फिरायची वेळ आली आहे.

शुक्रवार, ७ मार्च
दिवसभर पंप लावून पाणी उपसलं. उथळ बाजू कोरडी पडली. खोल बाजूचं पाणी मात्र खाली खाली जातंय. निळ्या फरशीखाली निळीच फरशी. लोखंडी शिडीलाही पायऱ्या आणखी, आणखी. शेवटी पंपाचा पाइप पुरेना. तळाशी उजेड दिसला, घरात दिवा लावल्यासारखा.

शनिवार, ८ मार्च
ताईला साफ सांगितलं, घर घ्यायचं नाही. तिचा पारा चढला. म्हणाली, तुझं नेहमीचंच रडगाणं. उद्या येऊन तीच सही करणार. फोटो पाठवले. म्हणते, खड्डा आहे, बुजवून घेऊ.

रविवार, सकाळ
ताई आली. काठावर उभी राहिली, खाली बघितलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी मनगट धरलं. तिनं हिसडा मारला. "रोज दातांच्या मुळापर्यंत जाते मी. मला खड्डा दाखवतोस?" आणि शिडीवरून उतरली. तिची पाठ दिसत होती, मग नुसते केस, मग —
खालून हसण्याचा आवाज आला. पाय टेकले म्हणाली.

रविवार, दुपार
वर येत नाही. दोर सोडला, ओढून घेतला गेला. दलाल फोन उचलत नाही. अग्निशामकवाले येतो म्हणाले, अजून पत्ता नाही. दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहितोय. ताई खालून म्हणतेय, घर बघितलं, फार आवडलं, घेऊन टाकू. मी ओरडून नाही म्हणतो. ती पुन्हा तेच — त्याच सुरात —

नंतर
पाणी परत चढतंय. पंप बंद आहे, तरी. ताईला पोहता येतं. वर येईल. तिला हात द्यायला शिडीवर पाय सोडून बसलोय. पाणी तळव्यांना लागलं — कोमट —
हाका मारतोय. ओ देतेय. जिवंत आहे.
घोट्याला हात लागला! बोटं घट्ट — आली, ताई आली — ओढतेय जोरात, थांब, ताई, थांब — पण तिची ओ तर अजून तितक्याच खालून —